उसनी त्वचा, आपलें रक्त

कर्करोगाविषयीं घरोघर जें बोलणें होतें तें बहुधा दोन प्रश्नांभोंवतीं फिरतें. गांठ सगळी निघाली कीं नाहीं, आणि ती पुन्हां होईल कीं काय? हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यांत शंका नाहीं. परंतु शस्त्रक्रिया पार पडून रोगी खाटेवर परत आला म्हणजे त्याला आणि त्याच्या माणसांना प्रत्यक्षांत तोंड द्यावें लागतें तें तिसऱ्याच एका गोष्टीला. ती गोष्ट म्हणजे जखम. गालाचा अर्धा भाग गेला, जबड्याचें हाड गेलें, डोक्यावरचें कातडें तळहाताएवढें गेलें. आतां ही उघडी जागा भरून कशी यावयाची? या धास्तीनें कित्येक माणसें शस्त्रक्रियेचा दिवस पुढें ढकलीत राहतात, आणि रोग मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून या जखमेविषयीं, आणि ती भरून काढण्यासाठीं रोग्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या शरीरांतील कातडी, स्नायु, पडदे यांचा उपयोग कसा करतात याविषयीं, आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचें मीं योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, ही जखम इतर जखमांहून वेगळी कां. विळीनें बोट कापलें तर आपण तें घट्ट दाबून धरतों, चिंधी बांधतों, आणि आठ दिवसांत त्याची आठवणहि राहत नाहीं. तेथें कातडीच्या दोन कडा एकमेकींच्या शेजारींच असतात. रक्त गोठून त्यांना चिकटवितें, आणि खालून नव्या पेशी येऊन तो सांधा पक्का करतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेंतहि डॉक्टर कातडी चिरतात, आपलें काम उरकतात आणि त्याच दोन कडा पुन्हां शिवतात. कर्करोगाच्या बाबतींत असें नेहमींच करतां येत नाहीं. या रोगाला स्पष्ट कुंपण नसतें. डोळ्यांना दिसणाऱ्या गांठीच्या पलीकडेहि त्याच्या मुळ्या गेल्या असण्याचा संभव असतो. म्हणून गांठीभोंवतालचा निरोगी दिसणारा भागहि, तोंडाच्या कर्करोगांत साधारणपणें सेंटिमीटरभर तरी, तिच्याबरोबर काढावा लागतो. मग कडेला कड भिडत नाहीं. ओढून शिवली तर टांके तुटतात, किंवा तोंड उघडत नाहीं, किंवा डोळा मिटत नाहीं.

दुसरी अडचण तळाची. जखमेच्या तळाशीं मऊ, लाल, रक्तानें भरलेलें मांस असेल तर ती आज ना उद्यां भरते. परंतु डोक्यावर कातडी आणि तिच्याखालचा पातळ पडदा गेला कीं उघडें पडतें तें कोरडें हाड. मानेंत मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी उघडी पडते. तोंडांतील टांका सुटून लाळ त्या रोहिणीवर झिरपूं लागली तर तिची भिंत कुजून ती एकाएकीं फुटण्याचा प्रसंग येतो, आणि असा प्रसंग कांहीं मिनिटांत जीव घेऊं शकतो.

तिसरी अडचण किरणोपचारांची. हे किरण कर्करोगाच्या पेशी मारतात, हा त्यांचा गुण. परंतु वाटेंत येणाऱ्या निरोगी भागालाहि ते आंच लावतात. त्या भागांतील बारीक रक्तवाहिन्यांचें अस्तर जाड होतें, त्यांची पोकळी अरुंद होते, आणि नवे धागे विणणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. वर्षानुवर्षें कातडी वरून बरी दिसते, पण तिला लहानशी इजा झाली तरी ती भरून येत नाहीं. विहीर आटलेल्या मळ्यांत बीं टाकावें, तशी ती अवस्था असते.

या तिन्ही अडचणींवर घड्याळाचा काटा फिरत असतो. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावयाचे असतील तर ते साधारणपणें सहा आठवड्यांच्या आंत सुरू व्हावेत असा वैद्यकांत संकेत आहे. जखम उघडी असेल तर ते सुरू करणें कठीण होतें. ते लांबले तर मागें राहिलेल्या एखाद्या सूक्ष्म पेशीला वाढावयास अवसर मिळतो. तेव्हां जखम भरणें हा केवळ रूपाचा किंवा सोयीचा प्रश्न नव्हे. रोगाशीं चाललेल्या झुंजीचाच तो भाग आहे.

आतां उपायाकडे वळूं. आपल्यापैकीं ज्यांचें कोंकणांत जाणेंयेणें आहे त्यांनीं हापूस आंब्याचें कलम बांधतांना पाहिलें असेल. त्याच्या निदान दोन रीती प्रसिद्ध आहेत. एकींत रायवळ आंब्याचें कुंडींतलें रोप हापूसच्या झाडाजवळ आणतात, रोपाची आणि हापूसच्या एका फांदीची साल तासून दोहोंना एकत्र बांधतात. फांदी त्या वेळीं आपल्या मूळ झाडापासून तोडीत नाहींत. कांहीं महिन्यांनीं सांधा जुळला, रोपाचा रस फांदींत चढूं लागला, कीं मगच ती तोडतात. हें भेटकलम. दुसऱ्या रीतींत काडी आधींच छाटून आणतात आणि कोयीपासून नुकत्याच उगवलेल्या रोपाला पाचर मारून बसवितात. हें कोयकलम. येथें काडीला जुनें झाड सुटलेलें असतें आणि नव्याचा रस अजून मिळालेला नसतो. मधल्या काळांत ती तगली तर तगली. श्रोतेहो, जखमेवर त्वचा बसविण्याच्या मूळच्या रीतीहि या दोनच आहेत, आणि त्यांतील पहिलीचा इतिहास आपल्या पुण्याशीं जोडलेला आहे.

सुश्रुतसंहितेंत गालाचें कातडें देठासह वळवून तुटलेलें नाक घडविण्याची कृति सांगितली आहे. ही विद्या पुढें ग्रंथांतून उतरून कारागिरांच्या हातीं राहिली. कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इ. स. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आले. सुमारें वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळील, विटा पाडणाऱ्या जातींतील एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाचा पातळ नमुना करून त्यानें तो कपाळावर पसरला, तेवढ्या आकाराचें कातडें सोडविलें, आणि दोन भुंवयांच्या मध्यें त्याचा देठ तसाच ठेवून तें खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविलें. सुमारें पंचविसाव्या दिवशीं देठ कापावयाचा अशी ती रीत होती. मुंबईच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली, आणि तिची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ मध्यें लंडन येथें तशीच शस्त्रक्रिया केली, आणि पुण्याच्या त्या अनाम कारागिराची युक्ति युरोपांत रूढ झाली. ती युक्ति म्हणजे भेटकलमच होय. जोंपर्यंत नव्या जागेंतून रक्त मिळत नाहीं, तोंपर्यंत जुन्या जागेचा देठ तोडावयाचा नाहीं.

दुसरी रीत, म्हणजे काडी तोडून लावण्याची, पुढच्या शतकांत आली. पॅरिसमध्यें काम करणाऱ्या रेव्हर्डिन या स्विस वैद्यानें १८६९ मध्यें कातडीचे बारीक कण जखमेवर ठेवून ते रुजतात असें दाखविलें, आणि जर्मनीच्या थीर्श यानें १८७४ मध्यें पातळ पापुद्रे काढून लावण्याची पद्धति सांगितली. आजहि मांडीवरून मिलिमीटरच्या एकतृतीयांशाइतक्या जाडीचा पापुद्रा तासून काढतात आणि तो जखमेवर पसरतात. मांडीवरची जागा आंतील थरांत उरलेल्या पेशींपासून पुन्हां झांकली जाते. इकडे पापुद्रा पहिले दोनएक दिवस जखमेंतून पाझरणाऱ्या द्रवावरच जगतो. मग तळांतील बारीक रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना जाऊन मिळतात, आणि पांचव्या दिवसाच्या सुमारास पट्टी सोडली असतां तो गुलाबी दिसला तर रुजला असें समजावें. पण हें सर्व तळांत रक्त असेल तर. उघड्या हाडावर किंवा किरणांनीं भाजलेल्या जागेवर पापुद्रा टाकला तर त्याला प्यावयासच कांहीं मिळत नाहीं, आणि तो चारआठ दिवसांत काळा पडून गळून जातो.

म्हणून कर्करोगानंतरच्या अवघड जखमेंत स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन येणारें मांस लागतें. डॉक्टर त्याला 'फ्लॅप' म्हणतात. आपण देठाचें कलम म्हणूं. अमेरिकेंतील बकामजियन यानें १९६५ मध्यें छातीच्या वरच्या भागाचें कातडें मानेंत वळवून घशाची पोकळी भरून काढली. १९७९ मध्यें एरियन यानें छातीचा मोठा स्नायु, त्यावरील कातडीसह आणि गळ्याच्या हाडाखालून येणाऱ्या त्याच्या रोहिणीसह, उचलून मानेंतून तोंडांत नेण्याची रीत प्रसिद्ध केली. आपल्या देशांत तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांमुळें गालाचे व हिरडीचे कर्करोग फार. त्यांत हा छातीचा स्नायु अजूनहि डॉक्टरांच्या उपयोगीं पडतो. तो गालाची पोकळी भरतो, आणि मानेंतील रोहिणीवर जिवंत पांघरूण घालतो. त्याचे दोषहि आहेत. तो जाड असतो, मान ओढल्यासारखी वाटते, आणि छातीवर केंस असणाऱ्या पुरुषाच्या तोंडांत त्या कातडीवर केंस उगवतात. रोग्याला हें आधीं सांगितलेलें नसेल तर त्याला केवढा धक्का बसत असेल!

सूक्ष्मदर्शकाखालीं मिलिमीटर दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या शिवतां येऊं लागल्या, तेव्हां देठ कापूनहि देठाचें कलम करणें शक्य झालें. चीनमधील शस्त्रवैद्यांनीं हाताच्या पुढच्या भागाचें पातळ, मऊ कातडें त्याच्या रोहिणी व नीलेसह काढून दूर नेऊन जोडण्याची रीत बसविली, आणि १९८१ मध्यें ती छापून प्रसिद्ध झाली. जिभेसाठीं हें कातडें फार सोयीचें असतें. पायाच्या नडगीशेजारचें बारीक हाड १९७५ मध्यें ऑस्ट्रेलियांतील टेलर यानें रक्तवाहिन्यांसह उचलून दुसरीकडे बसविलें. १९८९ मध्यें न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यानें त्याच हाडाला जागोजाग कापून जबड्याचा आकार दिला. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा तुकडा शिल्लक ठेवला म्हणजे माणूस पुन्हां नीट चालूं लागतो. अशा शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस परिचारिका रात्रीं तासातासाला येऊन रोग्याच्या तोंडांत दिवा धरतात, तेव्हां घरच्या माणसांनीं त्रासून जाऊं नये. नवें कातडें पांढरें पडलें तर रक्त आणणारी रोहिणी तुंबली असेल. निळेंजांभळें झालें तर रक्त परत नेणारी नीला तुंबली असेल. हें वेळेवर ध्यानीं आलें तर पुन्हां शस्त्रक्रियागृहांत नेऊन कलम वांचवितां येतें. सकाळ होईपर्यंत वाट पाहिली तर बहुधा तें हातचें जातें.

येथवर आपण रोग्याच्या स्वतःच्याच शरीरांतून घेतलेल्या भागाविषयीं बोललों. आतां साहजिक प्रश्न असा कीं, दुर्बळ, वृद्ध रोग्याच्या अंगावर आणखी एक जखम कशाला? मुलगा, भाऊ, पत्नी आपली कातडी द्यावयास तयार असतात. ती कां घेऊं नये? येथें मात्र आंब्याच्या झाडाशीं असलेलें आपलें साम्य संपतें. रायवळीचा खुंट हापूसची फांदी जन्मभर पोसतो. मनुष्याचें शरीर तसें करीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ग्लासगो येथें पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांनीं भाजलेल्या एका तरुण स्त्रीवर तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. प्रथम ते रुजले, पण लवकरच ते नष्ट होऊं लागले. मग त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदां लावली, तेव्हां तिचा नाश पहिल्याहून लवकर झाला. म्हणजे शरीर परक्याला नुसतें ओळखीत नव्हतें, तर त्याची आठवणहि ठेवीत होतें. हें निरीक्षण त्यांनीं १९४३ मध्यें प्रसिद्ध केलें. या वाटेनें पुढें केलेल्या संशोधनाबद्दल मेडावर यांना १९६० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. एकरूप जुळ्या भावंडांखेरीज कोणाचीहि कातडी दुसऱ्याच्या अंगावर कायमची टिकत नाहीं.

मग उसन्या त्वचेचा उपयोग काय? उपयोग असा कीं, ती वेळ देते. पाहुणा घरांत कायमचा राहत नाहीं, पण घरचीं माणसें आजारी असतां पंधरा दिवस चूल सांभाळतो. तसेंच हें आहे. उघड्या जखमेंतून पाणी आणि प्रथिनें वाहून जातात, जंतु आंत शिरतात, वेदना होतात. तिच्यावर दुसऱ्याची त्वचा किंवा पडदा घातला कीं हें सारें आवरतें, आणि खालीं रोग्याचें स्वतःचें मांस वर येऊं लागतें. मूल जन्मण्यापूर्वीं ज्या पाणमोटेंत असतें तिचा पातळ, पारदर्शक पडदा या कामीं फार चांगला. तो वारेबरोबर बाहेर पडतो आणि एरवीं टाकून दिला जातो. बाल्टिमोर येथील डेव्हिस यानें तो कातडीच्या ऐवजीं लावून पाहिल्याचें १९१० मध्यें लिहिलें.

या पडद्याची गोष्ट मुंबईशीं येऊन मिळते. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें; तेथें १९८८ मध्यें एक ऊतिपेढी निघाली. रक्तपेढींत रक्त, तसे येथें शरीरांतील पडदे व हाडें. प्रसूत झालेल्या मातेची संमति घेऊन, तिच्या रक्तांत कावीळ, एड्स, उपदंश यांचे जंतु नाहींत अशी परीक्षा करून, पडदा वेगळा काढतात. तो धुतात, गोठवून निर्जल करतात, पाकिटांत बंद करतात आणि गॅमा किरणांनीं निर्जंतुक करतात. वैद्यकीय वस्तु अशा किरणांनीं निर्जंतुक करण्याचा कारखाना आपल्याकडे ट्रॉम्बे येथें १९७४ मध्यें सुरू झाला होता. ज्या जातीच्या किरणांनीं रोग्याची जखम भरेनाशी होते, त्याच जातीच्या किरणांनीं तिच्यावर घालावयाचें पांघरूण शुद्ध करावें, हा योग विलक्षण खरा. असा पडदा मांडीवरच्या पापुद्रा काढलेल्या जागेवर, उथळ जखमांवर, आणि किरणोपचारांनीं पडलेल्या व्रणांवर वापरतात. तो चिकटून बसतो, वेदना कमी करतो, आणि काम झालें कीं आपोआप सुटून येतो.

यापुढची पायरी अधिक चतुराईची आहे. शरीर परकें म्हणून ओळखतें तें मुख्यतः दुसऱ्याच्या पेशींना. कातडीला बळकटी देणारे जे कोलॅजन नांवाचे धागे असतात ते प्राण्याप्राण्यांत इतके सारखे असतात कीं शरीर त्यांना फारसा विरोध करीत नाहीं. तेव्हां पेशी धुवून काढल्या आणि धाग्यांची जाळी तेवढी ठेवली तर? मग ती जाळी म्हणजे कलम राहत नाहीं, ती वेलीसाठीं घातलेला मांडव होते. रोग्याच्या स्वतःच्या पेशी व रक्तवाहिन्या तिच्यांतून वर चढतात. वेल धरला कीं मांडव हळूहळू विरून जातो. अमेरिकेंतील बोस्टनचा शस्त्रवैद्य बर्क आणि त्याचा अभियंता सहकारी यानास यांनीं गाईबैलांच्या कोलॅजनची आणि शार्क माशापासून काढलेल्या एका द्रव्याची अशी जाळी, वर सिलिकोनचा पातळ थर देऊन, तयार केली व १९८१ मध्यें भाजलेल्या रोग्यांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध केले. आतां मृत दात्यांच्या कातडीपासून, डुकराच्या आंतड्यापासून, आइसलंडमध्यें तर कॉड माशाच्या कातडीपासूनहि अशा जाळ्या करतात.

समजा, ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांच्या टकलावर कर्करोगाचा व्रण झाला. तो काढल्यावर कवटीचें हाड उघडें पडलें. हृदय दुबळें असल्यामुळें आठ-दहा तासांची शस्त्रक्रिया त्यांना सोसणार नाहीं. अशा वेळीं हाडाचा वरचा कठीण थर घासून आंतील रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत खालीं जातात, आणि त्यावर ही जाळी बसवितात. सुमारें तीन आठवड्यांनीं ती पीच फळाच्या गराप्रमाणें गुलाबी होते. मग वरचा सिलिकोनचा थर काढून मांडीवरचा एक पातळ पापुद्रा तिच्यावर रुजवितात. दोन लहान शस्त्रक्रियांत काम भागतें. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाचा आकार पुन्हां घडवितांना कृत्रिम पिशवीला खालून झोळीसारखा आधार देण्यासाठींहि अशी जाळी वापरतात. मात्र तेथें पाणी सांठणें व जंतुसंसर्ग होणें यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें.

श्रोतेहो, एवढें ऐकल्यावर कोणाला वाटेल कीं पाकिटांतून काढलेला हा पडदा म्हणजे सर्व जखमांवरचा रामबाण. तसें नाहीं, आणि तसें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. मांडव कितीहि सुबक घातला तरी जमिनींत ओल नसेल तर वेल चढत नाहीं. किरणांनीं फार भाजलेल्या जागीं, पू झालेल्या जखमेंत, लाळेनें सतत भिजणाऱ्या ठिकाणीं या जाळ्या सडून जातात. तेथें स्वतःच्या रक्तासह आलेलें स्नायूचें मांसच लागतें. त्यांची किंमतहि पुष्कळ असते. ज्या कुटुंबाला पुढें किरणोपचाराचा व औषधांचा खर्च करावयाचा आहे, त्यानें ही जाळी खरोखर आवश्यक आहे काय, आणि साधें त्वचारोपण किंवा छातीचा स्नायु चालणार नाहीं काय, हें डॉक्टरांना निःसंकोचपणें विचारावें. ती कोणत्या प्राण्यापासून केली आहे हेंहि विचारावें. गाय, डुक्कर यांविषयीं ज्यांच्या भावना तीव्र आहेत त्यांना शस्त्रक्रियेनंतर तें कळणें उचित नव्हे. रोग्याला आधीं सांगणें हा डॉक्टरांचा धर्म आहे.

आणखी एक इशारा याहूनहि महत्त्वाचा. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या जागीं जखम भरतच नसेल, किंवा भरलेली पुन्हां उघडली असेल, तर तिच्यावर नवें पांघरूण घालण्यापूर्वीं तिचा लहानसा तुकडा तपासून घ्यावा लागतो. कारण तेथें रोगच परत आलेला असूं शकतो. तसें असतां वरून झांकणें म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणें होय.

आणि घरच्या माणसांच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे. तंबाखू शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधीं सुटली पाहिजे, आणि पुन्हां कधींहि तोंडांत जातां कामा नये. तिच्यांतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतें, आणि आपण पाहिलें कीं कलमाचा सारा जीव त्या वाहिन्यांत असतो. मधुमेह ताब्यांत हवा. नळीनें अन्न जात असलें तरी त्यांत दूध, डाळ, अंडें अशा रूपानें प्रथिनें पुरेशीं हवींत. नुसत्या पेजेवर मांस वाढत नाहीं. मानेंतून कलम नेलें असेल तर तेथें घट्ट पट्टी, दोरा, ताईत कांहीं बांधूं नये. त्यानें देठ दाबला जातो. जखमेवर हळद, राख किंवा झाडपाल्याचा लेप घालूं नये. आणि रोग्याला आरसा मागावासा वाटेल त्या दिवशीं कोणीतरी जवळच्या माणसानें त्याच्याजवळ बसावें. प्रथम सुजलेलें, परकें दिसणारें तें कातडें महिन्यामहिन्यानें बसत जातें. हें त्याला त्या घटकेला कोणीतरी सांगावयास पाहिजे.

शेवटीं दोन शब्द दानाविषयीं. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत २००० मध्यें त्वचापेढी सुरू झाली. मरणानंतर साधारण सहा तासांच्या आंत मांड्या व पाठ येथून त्वचेचा अगदीं पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाहीं, रक्तगट जुळावा लागत नाहीं. ती त्वचा मुख्यतः भाजलेल्यांच्या उपयोगीं पडते. बाळंतपणांत टाकून द्यावयाचा पडदा, निरोप घेतांना मागें राहणारी त्वचा: जन्माच्या आणि मृत्यूच्या वेळच्या या दोन वस्तु मधल्या वाटेवर अडलेल्या कोणाला तरी चार आठवड्यांची उसंत देतात. त्या त्याच्या अंगावर राहत नाहींत. राहतें तें त्याचें स्वतःचें मांस, त्याच्या स्वतःच्या रक्तावर वाढलेलें. परंतु तें वाढेपर्यंत जें कोणी उसनें दिलें, त्याचें मोल त्या रोग्याला व त्याच्या घराला पुरतें ठाऊक असतें.

आपल्या घरांत उद्यां असा प्रसंग आलाच, तर जखमेच्या भीतीनें शस्त्रक्रिया पुढें ढकलूं नका. ती जखम भरण्याची विद्या आपल्याच भूमींतून निघाली आहे, आणि आज ती पूर्वीं कधीं नव्हती इतकी समर्थ आहे. गांठीविषयीं विचारतां तसें जखमेविषयींहि डॉक्टरांना पहिल्याच भेटींत विचारा.